रि: रि: रि: बाहेरच्या नोकऱ्यांची परिषद – बडोद्यातून कोण गेलं होतं?

पाठवणार: भाऊ (एडिसन)

मंडळी नमस्कार,

काल आई फोनवर म्हणाली की अलकापुरीत दोन दिवस वकिलांची परिषद झाली, देशाबाहेरच्या नोकऱ्या आणि त्यांचे कायदे या विषयावर, आणि आपली वकीलताई दोन्ही दिवस तिथं होती. ताई, जेवण कसं होतं ते नंतर सांग, आधी एक सांग. माझ्या शेजारच्या टीममधल्या दोघांना गेल्या गुरुवारी काढलं, एक एच-वन-बी वर, म्हणजे कंपनीनं काढून दिलेल्या कामाच्या व्हिसावर आहे, दुसरे पन्नाशीचे गृहस्थ, दोघांच्या हातात कागद दिलाय आणि सोमवारपर्यंत सही करा म्हणतायत. तिकडं कोणी अमेरिकेबद्दल बोललं का? या लिस्टवर गणपतीची वर्गणी सोडून कधीतरी कामाचं येऊ दे.

---

पाठवणार: वकीलताई (बडोदा)

भाऊ, जेवण चांगलं होतं, ते आधीच सांगते कारण तिथं आलेल्या निम्म्या लोकांना तेवढंच आठवत असणार. लीलो चेवडो ठेवला होता चहाबरोबर, परगावचे वकील पिशवीत भरून घेऊन गेले.

आता तुझं. एच-वन-बी वाल्याला सांग की नोकरीच्या शेवटच्या दिवसापासून जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आय-९४, म्हणजे तिथं राहायच्या मुदतीची नोंद, त्याआधी संपत असेल तर तेवढेच. त्या मुदतीत नव्या मालकानं अर्ज दाखल करायला हवा, नुसता इंटरव्ह्यू चालू आहे याला काही अर्थ नाही. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ती एक लाख डॉलरची फी आली ना, तिनं सगळे हादरलेत, पण ती बाहेरून आणायच्या माणसांच्या नव्या अर्जांसाठी आहे, आत असलेल्या माणसाची कंपनी बदलायची असेल तर लागत नाही. म्हणून त्यानं घाबरून सामान विकून आधीच विमानात बसू नये, बाहेर पडल्यावर कोणी अर्ज केला तर तीच फी आडवी येऊ शकते. आणखी एक, मुदत संपायच्या आत मालकानं काढलं तर परतीचं भाडं त्यानं द्यायचं असतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, आणि मालक कशाला आठवण करून देतोय.

पन्नाशीच्या गृहस्थांना सांग सोमवार वगैरे विसरा. चाळिशीच्या पुढच्या माणसाकडून वयाच्या भेदभावाबद्दलचे हक्क सोडून घ्यायचे असतील तर विचार करायला २१ दिवस द्यावे लागतात, एका झटक्यात अनेकांना काढलं असेल तर ४५, आणि सही केल्यावरही ७ दिवस मन बदलता येतं. तिकडच्या वकिलाला दाखवायला सांग, मी बडोद्याच्या लेबर कोर्टात उभी राहणारी बाई, न्यू जर्सीत माझी सही कोणी विचारत नाही.

परिषदेचं म्हणशील तर पहिला दिवस बराचसा उद्घाटन, सत्कार, शाली. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर खरं सुरू झालं. सगळ्या गोष्टी फिरून एकाच प्रश्नावर येत होत्या, की माणूस एका देशात बसलाय, मालक दुसऱ्या देशात, पगार तिसऱ्याच कंपनीतून येतोय, तर भांडण झाल्यावर कुठला कायदा लावायचा. लोकांना वाटतं करारावर जे लिहिलंय तो. तसं नाही. साधारणपणे तुम्ही रोज जिथं बसून काम करता तिथला कायदा तुमच्या मागं उभा असतो, कागदावर काहीही छापलेलं असो. युरोपात तर हा नियमच आहे, करारात दुसऱ्या देशाचा कायदा निवडला तरी जिथं नेहमीचं काम आहे तिथली संरक्षणं काढून घेता येत नाहीत.

बाकी उद्या, आत्ता रिमांडची तारीख आहे.

---

पाठवणार: मावशी (मांजलपूर)

वकीलताई मला हे नीट समजलं नाही पण आमच्या घरातच हा प्रकार आहे म्हणून विचारते. धाकटा घरी बसून जर्मन कंपनीचं काम करतो, दोन वर्षं झाली, रात्री दीड वाजेपर्यंत खोलीत इंग्रजी चालू असतं, मला वाटायचं फोनवर भांडतोय. पगार इथल्याच एका मधल्या कंपनीतून येतो. काल त्याला ईमेल आली की ३० तारखेपासून नको. तो म्हणतो जर्मनीचा कायदा फार कडक आहे, मी दावा लावणार. खरं का गं? आणि मोठी सून स्टुटगार्टला आहे तिच्याही कंपनीत कुजबुज चालू आहे, एका घरात दोघांना कशाला गं देव असं करतो.

---

पाठवणार: वकीलताई

मावशी, धाकट्याला सांगा मांजलपूरच्या खोलीत बसून जर्मनीचा कायदा आपोआप मिळत नाही. वर म्हटलं ना, जिथं बसता तिथला. करारात जर्मन कायदा लागू असं स्पष्ट लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी, तो कागद मला व्हॉट्सअॅपवर पाठवा. ती मधली कंपनी असते ना, इथं सगळे तिला ईओआर म्हणतात, कागदावर तीच त्याची मालक. म्हणजे नोटीस, शिल्लक रजेचे पैसे, पीएफ सगळं तिच्याकडून. नवे चार लेबर कोड २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेत, जुने २९ कायदे त्यात मिळवलेत, त्यात एक चांगली गोष्ट आहे की नोकरी गेली किंवा सोडली तर हिशोबाचा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा. पूर्वी लोक तीन तीन महिने एचआरच्या मागं फिरायचे. आणि त्याचा करार मुदतीचा असेल, म्हणजे फिक्स्ड टर्म, तर ग्रॅच्युइटीला पाच वर्षं थांबायची गरज नाही, एक वर्ष झालं की हिशोबानं मिळते. त्याची दोन झालीत. पण नेमका करार कसला आहे ते बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

एकच भीती आहे, तो पगारावर आहे की बिलं पाठवतो? बिलं पाठवत असेल तर त्याला कंत्राटदार दाखवलंय, मग पीएफही नाही नि ग्रॅच्युइटीही नाही. अर्थात नाव कंत्राटदार लिहिलं म्हणून कोर्ट तेवढ्यावर थांबत नाही, हजेरी कोण घेतं, रजा कोण मंजूर करतं, लॅपटॉप कोणाचा हे सगळं बघतं. पण ते सिद्ध करेपर्यंत धाकट्याचं लग्न होऊन बारसं होईल.

---

पाठवणार: वहिनी (स्टुटगार्ट)

आई तुम्ही लिस्टवर सगळ्यांना सांगितलंत 🙂 असो, कुजबुज राहिली नाही, आज मलाही ईमेल आली. पंधरा ओळी, खाली एचआर बाईंचं नाव टाइप केलेलं, सही नाही. पाच वर्षं झाली मला इथं, दीडशे माणसांची कंपनी. ताई, मी लॅपटॉप परत करू का?

---

पाठवणार: वकीलताई

वहिनी लॅपटॉप बंद कर आणि शांत बस. काही परत करू नकोस, कशावर सही करू नकोस, "समजलं, धन्यवाद" असं उत्तरसुद्धा नको.

जर्मनीत नोकरीवरून काढायचं तर कागद लागतो, कागदावर शाईनं केलेली सही लागते. ईमेल, व्हॉट्सअॅप, स्कॅन केलेली सही, काही चालत नाही. परवा परिषदेत हे ऐकलं तेव्हा मागच्या रांगेतले दोघे हसले, की काय मागासलेला देश, सगळं जग डिजिटल आणि हे शाई मागतात. मी म्हटलं हसू नका, ज्याला काढायचंय त्याला एकदा खुर्चीत बसून, पेन उचलून, माणसाच्या नावासमोर सही करावी लागते यात मला तरी काही मागास वाटत नाही.

तुला सहा महिन्यांहून जास्त झालेत आणि दहापेक्षा जास्त माणसं आहेत, म्हणजे काढण्याचं कारणही त्यांना द्यावं लागेल. आता महत्त्वाचं: खरा कागद हातात आला की तीन आठवडे. तीन आठवड्यांत कामगार कोर्टात दावा नाही केला तर चुकीचं काढणंसुद्धा बरोबर धरलं जातं. ईमेलवरून ही घड्याळं सुरू झाली का नाही यावर वकील वाद घालतील, तू घालू नकोस, आजच्या तारखेपासून तीन आठवडे मोज आणि त्याच्या आत कुणालातरी गाठ. आणि बेकारीची नोंद लगेच कर तिथल्या रोजगार ऑफिसात, उशीर झाला तर भत्त्यातून कापतात.

बघा मावशी, एकाच घरातली दोघं, दोघांना ईमेलनंच काढलं, मांजलपूरच्याला पगाराचे दोन दिवस मोजायचे आणि स्टुटगार्टवालीची नोकरी अजून गेलेलीच नाही.

---

पाठवणार: भाऊ (एडिसन)

ताई हे सगळं ठीक आहे पण मला थोडं खटकतं. आपण सही करतो तेव्हा डोळे उघडे असतात ना? इथं अॅट-विल म्हणतात, मालक कधीही काढू शकतो, मीही उद्या सोडू शकतो, हिशोब मिटला. जर्मनीत एवढं सगळं करून शेवटी कंपन्या माणसंच कमी घेणार. आणि इतकी वर्षं सोडणार नाही अशा बाँडवर सही करून दोन वर्षांत पळणारे आपलेच पोरं आहेत, त्यांचं काय?

(त्या दोघांनी सोमवारी सही केली नाही. पन्नाशीवाले म्हणाले तुझ्या बडोद्याच्या बहिणीला थँक्यू सांग.)

---

पाठवणार: आबा (रावपुरा)

चिरंजीव भाऊस अनेक आशीर्वाद. मी सहसा लिहीत नाही, टाइप करायला नातवाला बसवलंय. बाँडचा विषय निघाला म्हणून.

परदेशाचा आणि नोकरीचा बाँड या गावाला नवा नाही. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकायला महिना साडेअकरा पौंड दिले, तीन वर्षांसाठी, आणि अट ही की परत येऊन दहा वर्षं संस्थानची चाकरी करायची. ते १९१७ ला आलेही, शब्द पाळायला. महाराजांनी मोठ्या जागेवर नेमलं. पण गावानं त्यांना राहायला खोली दिली नाही. कचेरीत फाइल हातात न देता लांबून टाकायचे. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले तर तिथूनही लोक काठ्या घेऊन बाहेर काढायला आले. शेवटी कमाटीबागेत झाडाखाली बसले आणि गाडी पकडून मुंबईला गेले. आता ती जागा संकल्पभूमी म्हणून दाखवतात, मी सकाळी फिरायला जातो तेव्हा शाळेच्या सहली उतरताना दिसतात.

तर भाऊ, तुझ्या हिशोबानं बाँड कोणी मोडला ते मला सांग. सही तर त्यांची होती.

---

पाठवणार: वकीलताई

आबा 🙏 परिषदेत हे कोणी बोललं नाही, अलकापुरीपासून कमाटीबाग चालत जाण्याच्या अंतरावर असून.

भाऊ तुझ्या प्रश्नाला कायद्यातलं उत्तरही देते, तू म्हणशील आबांनी भावनेत काढलं. बाँड सरसकट बेकायदेशीर नाहीत. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं विजया बँकेच्या केसमध्ये सांगितलं की तीन वर्षांच्या आत सोडलं तर दोन लाख भरायचे ही अट चालेल, बँकेला पुन्हा भरती करायचा खर्च येतो वगैरे. म्हणजे पळणाऱ्यांचं तुझं म्हणणं कोर्टानं ऐकलंय. पण नोकरी सोडल्यावर दुसरीकडं कामच करायचं नाही ही अट आपल्याकडं १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट अॅक्टपासून चालत नाही, कॅलिफोर्नियातही नाही. आणि तुझ्याच अमेरिकेत एच-वन-बी वाल्यानं लवकर सोडलं म्हणून त्याच्याकडून दंड उकळता येत नाही. तेव्हा डोळे उघडे ठेवून सही केली हे सगळीकडे पुरेसं धरत नाहीत, आणि ते बरंच आहे, कारण सही करताना एकाचे डोळे उघडे असतात आणि दुसऱ्याचं पोट रिकामं असतं.

माणसाचं मोल सीमेवर बदलतं हे जुनंच आहे. १९१९ ला वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, आपले ना. म. जोशी गेले होते कामगारांकडून, तिथं जगासाठी आठवड्याला ४८ तास ठरले आणि ब्रिटिश हिंदुस्थानासाठी ६०. कापड तेच, गिरणी तीच.

बरं, राहिलेलं एक, कारण काल रात्री मावशींच्या शेजारच्या बाईंचा फोन आला होता. त्यांचा भाचा वेल्डर आहे, रिफायनरीच्या शटडाउनला कॉन्ट्रॅक्टरकडे होता, आता सौदीला निघालाय, एजंटनं दीड लाख मागितलेत. दहावी झालेला नाही, म्हणजे पासपोर्ट ईसीआर प्रकारचा, सौदीला कामाला जायला एमिग्रेशनची, म्हणजे देशाबाहेर जाण्याची, सरकारी परवानगी लागते, ती ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून. नोंदणी असलेल्या एजंटला तीस हजार अधिक जीएसटी एवढीच फी घेता येते. आणि प्रवासी भारतीय बीमा योजना, दोन वर्षांचे २७५ रुपये, दहा लाखांचा विमा, तो काढल्याशिवाय सोडायचं नाही. परिषदेत आखाती देशांवर शेवटचा अर्धा तास होता, तोपर्यंत लोक गाडीची वेळ बघायला लागले होते, वीस जण उरलो असू. ज्यांचं सगळ्यात जास्त जातं त्यांच्यावर शेवटचा अर्धा तास.

मावशी, त्या बाईंना सांगा एजंटचा नोंदणी नंबर मागा, नुसतं बोर्डावर लिहिलेलं नको, ई-मायग्रेटवर टाकून बघू. नंबर सांगायला टाळाटाळ केली की पैसे द्यायचे नाहीत. टुरिस्ट व्हिसावर जा, तिथं बदलून देतो म्हणाला तर अजिबात नाही.

---

पाठवणार: मावशी (मांजलपूर)

एजंट म्हणतो नंबर मुंबईच्या ऑफिसात आहे, उद्या देतो. पैसे दिलेले नाहीत, मी स्वतः जाऊन त्या बाईंच्या ओटल्यावर बसले होते.

धाकट्याचा कागद तुला पाठवलाय. फिक्स्ड टर्म असंच लिहिलंय गं.

---

पाठवणार: वहिनी (स्टुटगार्ट)

ताई आज पोस्टानं पाकीट आलं. कागद जाड, लेटरहेड वगैरे. मी खिडकीत धरून बघितला, सही प्रिंटरची आहे, बोटाला पाणी लावलं तरी पसरत नाही. पाकिटावरच्या तारखेचा फोटो काढलाय. मंगळवारी साडेनऊला इथल्या वकिलाकडे जाते, कागद नेऊ का पाकीटसुद्धा?

---

पाठवणार: वकीलताई

पाकीटसुद्धा. आणि परत पाणी लावू नकोस त्याला.