डिझाइन १०० चं, पाटी ६० ची

घाटवेडा: मुंबई-गोवा महामार्ग बराचसा चौपदरी झाला, तरी वळणं आली की ताशी ६० च्या वेगमर्यादेची पाटी! १०० साठी आखलेल्या रस्त्यावर? जर्मनीत मर्यादाच नाही. आपल्याकडे निव्वळ चलनाचा धंदा.

कोकणस्थ_अभियंता: डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो. डिझाइन स्पीड म्हणजे रस्ता आखताना धरलेला वेग, गाडी पळवायचा परवाना नव्हे. वळणाची त्रिज्या किती, रस्ता आत किती कलता, पुढचं किती लांबवर दिसलं पाहिजे, हे त्यावरून ठरतं. शंभराला ३६० मीटरच्या आसपास त्रिज्या लागते, पन्नासला नव्वदीत भागतं. वेग दुप्पट, त्रिज्या चौपट. परशुराम घाटात ३६० बसवून दाखवा! डोंगरात डिझाइन स्पीडच कमी धरतात. आणि जर्मनीतही बऱ्याच पट्ट्यांत मर्यादा आहे. उरलेल्यात १९७८ पासून १३० ची शिफारस.

घाटवेडा: बरं मास्तर. पण मर्यादा शास्त्रावरच ठरतात हे सांगू नका. अमेरिकेने १९७४ मध्ये ५५ मैल केली ती तेल वाचवायला. आपल्याकडे २०१८ ला चौपदरीवर कारला १००, आणि २०२१ ला मद्रास हायकोर्टाने ती अधिसूचनाच रद्द केली. कुठलं शास्त्र?

कोकणस्थ_अभियंता: इंग्लंडातले मोटरवे सुरुवातीला बिनमर्यादाच होते. धुक्यात गाड्या आदळल्या, तेव्हा डिसेंबर १९६५ मध्ये ७० मैल 'तात्पुरती' लावली. १९६७ ला कायम. आपला जुलैतला पाऊस धुक्यापेक्षा कमी आहे का?

लांज्याची_सून: कार सोडा, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) डंपरांचं बोला. मागचा दिवा नाही, ताडपत्री नाही, लाल धूळ थेट काचेवर!

घाटवेडा: डंपर ४० ने उजव्या लेनमध्ये, दंड मात्र कारवाल्याला.

लांज्याची_सून: तुम्ही गणपतीला दोन दिवस येणार. माझी सासू दळणाचा डबा कमरेवर घेऊन रोज पलीकडच्या चक्कीवर जाते. दुभाजकाच्या फटीत उभी राहून हात दाखवते, कुणी थांबत नाही. सर्व्हिस रोड कागदावर आहे.

घाटवेडा: म्हणजे चाकरमानीच गुन्हेगार? टोल आम्ही भरायचा, शिव्याही आम्हीच खायच्या?

मालवणी_माणूस: तुमका घराक पोचूची घाई, आमका हयच जगूचा आसा. हळू येवा.

घाटवेडा: ठीक, वळणावर ६० मान्य. खूश? पण सरळ पट्ट्यात तीच पाटी विसरून गेलेल्या ठेकेदाराचं चलन कोण फाडणार ते सांगा.

लांज्याची_सून: आधी सर्व्हिस रोड.