बीए फ्रेंचला नंबर लागला, सुरुवात कुठल्या पुस्तकापासून करू?

हिंगोलीची_वाचक:
नमस्कार मंडळी, हैदराबादच्या इफ्लूत (इंग्रजी अन परकीय भाषांचं विद्यापीठ) बीए फ्रेंचला माझा नंबर लागलाय. घरचे विचारायलेत की हे शिकून पुढं काय करणार बाई, ते जाऊ द्या. एका सिनियरनं वाचायची यादी पाठवली, त्यात कोर्नेय, रासीन, मोलिएर, व्होल्तेर, बाल्झाक, फ्लोबेर असं सगळं कोंबलेलं अन माझं फ्रेंच आत्ताशी ए-टू, म्हणजे सुरुवातीच्याच पातळीचं. साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वीची नाटकं मला काय कळणार? का सरळ इंग्रजी भाषांतरं वाचून मोकळी होऊ?

लातूरकर_पुण्यात:
अभिनंदन ताई! यादी असू द्या, पण तिच्या क्रमानं वाचायला बसू नका, तिथंच निम्मी पोरं गार होतात. कोर्नेयचं ल सिद १६३७ चं, रासीनचं फेद्र १६७७ चं, दोन्ही पद्यात, बारा अक्षरांची ओळ अन सहाव्या अक्षरावर थांबा. वर नियम असे की नाटक एका दिवसात, एकाच जागी, एकाच भानगडीवर संपलं पाहिजे. ल सिदनं हे नियम नीट पाळले नाहीत म्हणून एवढा गदारोळ झाला की १६३५ ला निघालेल्या फ्रेंच अकादमीला मधे पडून मत द्यावं लागलं. हे सगळं दुसऱ्या वर्षाला सुद्धा चालतंय, आत्ता मोलिएरचं लावार घ्या, १६६८ चं, गद्यात आहे. अत्र्यांचं कवडीचुंबक त्याच्यावरच बेतलेलंय, आधी ते वाचा मग मूळ. चौथ्या अंकाच्या शेवटी कंजूष आर्पागोंची पैशाची पेटी चोरीला जाते, तो चोर चोर ओरडत एकाचा हात धरतो तर तो त्याचाच हात निघतो, मग प्रेक्षकांकडं बघून म्हणतो चोर ह्यांच्यातच आहे! वाक्यं इतकी तुटक की ए-टूवाल्यालाही झेपतात.

जालन्याची_मावशी:
मी जरा वेगळं सांगते. कादंबरी भाषांतरात वाचायला लाजायचं कारण नाही, कथानकाची भीती एकदा गेली की मूळातलं एकच प्रकरण घेऊन बसायचं. फ्लोबेरच्या मादाम बोव्हारी कादंबरीतलं शेती प्रदर्शनाचं प्रकरण घे. वर नगरपालिकेच्या हॉलात खिडकीशी रोदोल्फ नायिका एमाला प्रेमाच्या गोष्टी सांगायलाय अन खाली चौकात पुढाऱ्यांची भाषणं, मग बक्षिसांचा पुकारा. इकडं हा म्हणतो शंभरदा वाटलं निघून जावं, पण तुमच्या मागं मागं आलो, की तिकडून आवाज येतो, शेणखत! आपल्याकडचं कृषी प्रदर्शन अन त्यातली भाषणं ज्यानं ऐकलीत त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. फ्लोबेर कुठंच म्हणत नाही की हा माणूस लबाड आहे, निस्ते दोन आवाज शेजारी ठेवतो अन बाजूला होतो. वर्गात नेमकं हेच काढून दाखवायचं असतं, एक्सप्लिकासिओं द तेक्स्त म्हणतात त्याला, पाऊण पान उतारा घ्यायचा अन तो असाच का लिहिलाय हे वाक्यावाक्याला सांगायचं. गोष्ट लिहून आलीस तर मार्क विसर. बाकी १८५७ ला ह्या कादंबरीवर खटला झाला, फ्लोबेर सुटला, त्याच वर्षी कवी बोदलेर मात्र नाही सुटला, त्याच्या संग्रहातल्या सहा कविता काढायला लावल्या.

परभणीकर:
पासे सिंप्ल कुणी सांगितलं का हिला? हा लिखाणातला भूतकाळ, रोजच्या बोलण्यात नसतो म्हणून क्लासवाले उशिरा शिकवतात, अन कादंबरी उघडली की पानापानावर तोच. सगळी रूपं पाठ करत बसू नका, तो, ती अन ते लोक एवढ्यांची ओळखता आली तरी काम भागतंय. सरावाला मोपासाँच्या कथा घ्या, त्याची हारावरची ला पारुर (१८८४) तर एका बैठकीत होते. पुस्तकांवर पैसे घालू नका, फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गालिका साइटवर जुनं सगळं फुकट पडलंय.

हिंगोलीची_वाचक:
लई आभार सगळ्यांचे 🙏 अजून एक, यादीत ला फोंतेनच्या प्राण्यांच्या गोष्टी पण आहेत, त्या लहान पोरांच्या ना? सोडल्या तर चालतील?

लातूरकर_पुण्यात:
अजिबात सोडू नका, तुम्हाला सगळ्यात ओळखीचं तेच लागणारंय. १६६८ च्या पहिल्या भागात बराचसा इसाप आहे, पण १६७८ च्या भागाला सुरुवातीलाच तो लिहितो की ह्यातलं बहुतेक मी पिल्पे नावाच्या भारतीय ऋषीकडून घेतलंय, म्हणजे आपलं पंचतंत्र, फारसीतून फिरत फिरत तिकडं गेलेलं. त्यातली पेरेत डोक्यावर दुधाचं भांडं घेऊन निघते, मनात अंडी, कोंबड्या, डुक्कर, मग गाय-वासरू, वासरू उड्या मारायलंय म्हणून ही पण उडी मारते अन दूध सांडतं. पंचतंत्रातला सातूच्या पिठाचा ब्राह्मण आठवा. अन लहान पोरांच्या म्हणाल तर राजदरबाराला, वशिल्याला जेवढे चिमटे ह्यानं काढलेत तेवढे उघडपणे काढायची सोय नव्हती तेव्हा, चौदाव्या लुईचं राज्य होतं. कावळा अन कोल्हा ही १८ ओळींचीच आहे, फ्रान्समधे पोरं शाळेत पाठ करतात, कॉलेज सुरू व्हायच्या आत तेवढी मोठ्यानं म्हणून पाठ करा, उच्चार पण सुटतील.