शुक्रवारचं परीक्षण : अंधार सिनेमातला की टॉकीजातला?

परभणी_पहिला_शो
नव्या सिनेमाचं परीक्षण शुक्रवारी रात्रीच द्यायचं तर एका शोवर निभावावं लागतं. जिल्ह्याच्या गावात चित्र काळवंडलेलं, संवाद पुसट. ‘छायांकन अंधारं’ असं लिहिलं आन् तोच सिनेमा संभाजीनगरला लख्ख दिसला, तर हसं लिहिणाऱ्याचं होतं. दोष कुणाचा, हे खुर्चीत बसल्या बसल्या कसं ओळखायचं?

लातूरकर_बाल्कनी
पांढरा रंग बघा. सेन्सॉरचं प्रमाणपत्र, श्रेयनामावली, सबटायटल. अक्षरं शुभ्र आणि दृश्य मात्र काळोखी, तर तो छायाचित्रकाराचा निर्णय. त्यावर बिनधास्त लिहा. अक्षरंच राखाडी-पिवळट दिसली तर प्रोजेक्टरचा झेनॉन दिवा म्हातारा झालाय, किंवा मागच्या थ्रीडी सिनेमाचा फिल्टर भिंगापुढं तसाच राहिलाय. टूडीसाठी पडद्यावर 14 फूट-लँबर्ट (पडद्यावरच्या उजेडाचं माप) उजेड हवा, फिल्टर राहिला की त्यातला निम्म्याहून जास्त जातो. जाहिरातींवरून ठरवू नका, त्या कित्येकदा वेगळ्या प्रोजेक्टरवरून येतात.

मध्ये लख्ख आणि कडेला अंधार असेल तर खुर्ची बदलून बघा. तुमच्यासोबत उजेडाचा ठिपकाही सरकला तर पडदा चंदेरी आहे, थ्रीडीसाठी बसवलेला.

डोकी किंवा सबटायटल कापली जात असतील तर त्यात दिग्दर्शकाचा काय दोष? 1.85 चा (म्हणजे रुंदी उंचीच्या 1.85 पट) सिनेमा 2.39 च्या, जास्त रुंद स्कोप सेटिंगवर लावला की असंच होतं. ऑपरेटरला सांगा, मिनिटाचं काम आहे.

नांदेड_साऊंडवाला
आवाजात जास्त फसगत होते. साऊंड प्रोसेसरचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची कळ, 7 वर असेल असं धरून सिनेमाचं मिक्सिंग केलेलं असतं. ट्रेलर कर्कश वाटतात म्हणून टॉकीजवाले तो 5 वर आणतात आणि मग तिथंच ठेवतात. म्हणजे साधारण साडेसहा डेसिबल गेले. गाणी, मारामारी तरीही ऐकू येतात, कुजबुज मरते.

संवाद पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात. पडद्याची बारीक भोकं धुळीनं बुजली किंवा त्या स्पीकरचा हॉर्न, म्हणजे बारीक-तीव्र आवाज काढणारा भाग, गेला की ‘स’, ‘श’, ‘च’ बोथट होतात, आणि ते सगळ्याच प्रसंगांत. फक्त शेतातल्या, बाजारातल्या प्रसंगांत पुसट आणि घरातल्या प्रसंगांत स्वच्छ असेल, तर चूक लोकेशनवरच्या ध्वनिमुद्रणाची. ओठ-आवाजाचंही तसंच. सगळ्यांचं चुकत असेल तर टॉकीज, एकाच पात्राचं चुकत असेल तर डबिंग. एकदम मागं बसू नका. आवाजाला 14 मीटर जायला जवळपास एक फ्रेम, म्हणजे सेकंदाचा चोविसावा भाग, लागते, लांब हॉलमध्ये शेवटच्या रांगेत दोन फ्रेमचा उशीर आपोआप येतो.

बीड_टीकाकार
यंत्राचं झालं. भाषेचा दोष मात्र कुठल्याच टॉकीजवर ढकलता येत नाही, आन् तोच परीक्षणात कुणी लिहित नाही! लातूरचं पात्र ‘काय करून राहिला’ म्हणत असेल तर ते वऱ्हाडात गेलं. लातूरकडं ‘काय करूलालास’ म्हणतात, इकडं बीडला ‘काय करायलास’. ‘अस्सल गावरान बोली’ असं लिहून सोडू नका. कुठल्या जिल्ह्याची आणि कुठं घसरली, एक वाक्य उदाहरणाला द्या. हैदराबादी हिंदीची सरमिसळ नांदेडच्या पात्राला शोभते, म्हणून ती सरसकट सगळ्या मराठवाड्याला चिकटवायची नसते.

परभणी_पहिला_शो
आन् मध्यंतर? इंग्रजी सिनेमात भलत्याच जागी येतं.

लातूरकर_बाल्कनी
हॉलिवूडच्या सिनेमाला मुळात सहसा मध्यंतरच नसतं, ते इथं घातलेलं असतं. पटकथेच्या नावावर टाकू नका. मराठी-हिंदीत मात्र लेखकानंच बांधलेलं असतं, तिथं हिशेब मागा.

नांदेड_साऊंडवाला
मध्यंतरातच मॅनेजरला विचारून घ्या, फेडर किती वर आहे. 7 वर नसेल तर ध्वनीवरचा परिच्छेद दुसऱ्या शोपर्यंत राखून ठेवा, बाकीचं परीक्षण रात्रीच जाऊ द्या.