गोरिला ट्रेक: आईला झेपेल का? लवकर सांगा

मृदुला_प
जानेवारीत गोरिला बघायला चाललोय. पर्मिट, विमान, हॉटेल सगळं झालंय. आईचे गुडघे दुखतात, उतरताना जास्त. किती चालावं लागेल? एजंट नुसतं "एक ते सहा तास" म्हणतो. त्यावरून काय ठरवायचं? जाऊन आलेल्यांनीच लिहा प्लीज.

रानवाटा
कुठे पण? रवांडा, युगांडा की काँगो? आईंचं वय?

डोंगरभाऊ
युगांडाच करा. पर्मिट ८०० डॉलर, रवांडात १५००.

मृदुला_प
रवांडा. पर्मिट काढलंय असं वर लिहिलंय ना! आई ६८.

स्वाती_के
डोंगरभाऊ, युगांडातल्या बविंडीच्या जंगलातले उतार किती तीव्र आहेत! दुखऱ्या गुडघ्यांना तिकडे पाठवताय?

डोंगरभाऊ
मगाहिंगाचं गोरिला उद्यान पण युगांडातच आहे. सगळं बविंडी नाही.

कॅमेरावाला
७०-२०० लेन्स न्या. बांबूच्या रानात उजेड कमी आणि फ्लॅश चालत नाही.

रानवाटा
मृदुलाताई, सकाळी सातला किनिगीला, उद्यानाच्या मुख्यालयात जमायचं असतं. कोणी कुठल्या गोरिला कुटुंबाकडे जायचं ते तिथेच ठरतं, आठ-आठ जणांचे गट करतात. गुडघ्यांचं तेव्हाच ठणकावून सांगा, ड्रायव्हरलाही बोलायला लावा. जवळचं कुटुंब मागा. साब्यिन्योचं बहुतेक वेळा जवळ असतं, सुसाचं लांब. पण गोरिला रोज जागा बदलतात, त्यामुळे तासांची खात्री कोणीच देणार नाही. चढ सुरू होतो तिथेच उंची कळसुबाईपेक्षा जास्त आहे, दम लागतो. आधी बटाट्याची शेतं, मग दगडी बांध ओलांडला की चिखल आणि हाताला झोंबणारी झुडपं. जाड हातमोजे हवेतच. आईंसाठी वेगळा पोर्टर घ्या, उतरताना तोच हात धरतो. डोलीचं एजंटला आत्ताच विचारा. आणि सर्दी असेल तर आत सोडत नाहीत, आपली सर्दी गोरिलांना जिवावर बेतू शकते.

मृदुला_प
खूप आभार! हात धरायला माझा मुलगा आहेच. नववीत आहे, पण दणकट आहे.

स्वाती_के
नववीत?? १५ पूर्ण आहेत का?

मृदुला_प
मार्चमध्ये होतील. का?

स्वाती_के
१५ च्या खाली गोरिलांकडे नेत नाहीत. पर्मिटवर जन्मतारीख काय घातलीय ते बघा आधी.

डोंगरभाऊ
युगांडातही तोच नियम आहे, हे मान्य.

मृदुला_प
एजंट एका शब्दाने बोलला नाही! फोन लावतेय. पैसे परत मिळतात का कोणाला माहीत आहे?