नळाच्या पाण्याला येणारा वास : सीमाभागातील घराघरांतले अनुभव

नळाच्या पाण्याला वास येतो, ही तक्रार बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात दर उन्हाळ्यात आणि पुन्हा पावसाळ्याच्या तोंडावर ऐकू येते. वास कसला, असे विचारले की मात्र बहुतेक जण "घाण" एवढेच सांगतात आणि उपाय तिथेच चुकतो. गटारीचा वास, सडक्या अंड्याचा वास, मातकट वास आणि गंजाचा वास यांची कारणे वेगवेगळी आहेत. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. आपल्याकडचे पाणीही एका ठिकाणचे नाही. बेळगाव शहराला मार्कंडेय नदीवरील राकसकोप जलाशयातून आणि घटप्रभेवरील हिडकल धरणातून पाणी येते, उत्तरेकडची अनेक गावे कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगा यांच्यावर अवलंबून आहेत, तर खानापूरच्या कित्येक वाड्यावस्त्यांवर अजून विहीर आणि बोअर हाच आधार आहे.

म्हणून ज्यांनी आपल्या घरातील वासाचे कारण शोधून काढले आहे, त्यांनी ते येथे सविस्तर लिहावे, अशी मनापासून विनंती आहे. वास केव्हा येतो, थंड पाण्याला येतो की गरम, सर्व नळांना येतो की एकाच, आणि काय केल्यावर गेला, एवढे तरी अवश्य लिहावे. कोणाही अधिकाऱ्याचे किंवा कार्यालयाचे नाव घेऊ नये. लिहिण्यापूर्वी एक साधी पडताळणी करावी : स्वच्छ पेल्यात पाणी घेऊन मोरीपासून दूर, दुसऱ्या खोलीत जाऊन वास घ्यावा. तेथे वास आला नाही, तर दोष पाण्यात नसून मोरीच्या सांडपाण्याच्या नळीत आहे.

बेळगाव, जुन्या वस्तीतून

आमच्या गल्लीत पाणी काही दिवसांच्या अंतराने सोडले जाते. चावीला पाणी आले की पहिल्या काही घागरींना गटारीचा स्पष्ट वास येत असे आणि मग तो हळूहळू कमी होत असे, त्यामुळे "पहिले पाणी सोडून द्यायचे" अशी सगळ्या गल्लीची रीतच पडून गेली होती. घरात सासूबाईंना आणि धाकट्या मुलाला एकाच वेळी जुलाब झाले, तेव्हा मात्र ही रीत पुरेशी नाही हे उघड झाले. आरोग्य सेविकेने दिलेल्या तपासणीच्या बाटलीत पाणी भरून ठेवले, तर दुसऱ्या दिवशी ते काळे पडले. बाटली काळी पडणे म्हणजे पाण्यात विष्ठेतून येणारे जीवाणू असण्याची दाट शक्यता, असे त्यांनी समजावून सांगितले.

नळजोडणी करणाऱ्या कारागिराने उकरून पाहिले, तेव्हा मुख्य वाहिनीपासून आमच्या घरापर्यंतचा लोखंडी पाइप गटारीच्या आतून आडवा गेलेला आणि खालच्या बाजूने गंजून चाळण झालेला आढळला. पाणी सुरू असते तेव्हा आतल्या दाबामुळे ते बाहेर गळते. पाणी बंद झाले की वाहिनी रिकामी होते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि त्याच भोकांतून गटारीचे पाणी आत ओढले जाते. पुढच्या वेळी पाणी सुटले की तेच सर्वांत आधी आपल्या घागरीत येते. नळाला थेट मोटर लावणारे शेजारी याच शोषणात भर घालतात, हे मला कळकळीने सांगावेसे वाटते, कारण त्या मोटरीने केवळ त्यांच्या जोडणीतले नव्हे, तर आसपासच्या फुटक्या जोडण्यांतलेही घाण पाणी वाहिनीत येऊ शकते. आम्ही गटारीच्या वरून, बाहेरून आवरण घालून, नवा प्लास्टिकचा पाइप टाकून घेतला. वास गेला. शेजारच्या घरांनीही पाइप बदलल्यानंतर पुन्हा तपासलेली बाटली काळी पडली नाही.

संयोजकाकडून

या अनुभवातला वास सर्वांत धोक्याचा आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. गटारीचा वास येणारे पाणी कपड्याने गाळून, तुरटी फिरवून किंवा वाळा घालून पिण्याजोगे होत नाही. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, सर्व जंतू मरत नाहीत. वाहिनी दुरुस्त होईपर्यंत पिण्याचे पाणी दुसरीकडून आणावे. तो मार्गच नसेल तर ते निवळून, खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट तसेच उकळू द्यावे. भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळापर्यंत पोचलेल्या पाण्यात एका लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा लागतो. तो आहे की नाही, हे ग्रामपंचायतीच्या वॉटरमनकडे असणाऱ्या थेंबांनी जागेवर कळते : पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन आहे. तक्रार नोंदवताना "वास येतो" असे न लिहिता "गटारीचा वास येतो, पाणी सुरू होताना येतो, गल्लीतील अमुक घरांना येतो" असे लिहावे. वाहिनी नेमकी कोठे उकरायची, हे अशा तक्रारीवरूनच ठरवता येते.

टिळकवाडी, बेळगाव

आमच्याकडे सडक्या अंड्यासारखा वास केवळ न्हाणीघरात, केवळ गरम पाण्याला येत असे. स्वयंपाकघरातील थंड पाणी अगदी निर्मळ होते, आणि मागच्या दारी जुन्या तांब्याच्या बंबात तापवलेल्या त्याच पाण्यालाही वास नव्हता. या तुलनेमुळे दोष गीझरमध्ये आहे हे लक्षात आले. साठवणीच्या गीझरमध्ये टाकी गंजू नये म्हणून मॅग्नेशियमची एक कांडी बसवलेली असते. आम्ही गीझरला बोअरचे पाणी जोडले होते, आणि अशा पाण्यातील सल्फेटवर जगणारे काही जीवाणू कोमट, साचलेल्या पाण्यात त्या कांडीच्या सान्निध्यात वाढून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. टाकी पूर्ण रिकामी करून आतला गाळ काढून घेतला, कांडी बदलून ॲल्युमिनियम-जस्ताची बसवली आणि तापमान ६० अंशांच्या वर ठेवू लागलो. एवढ्या गरम पाण्याने भाजू शकते, म्हणून लहान मुलांच्या घरात आधी बादलीत थंड पाणी घ्यावे.

खानापूर तालुका

आमची माती जांभ्याची, लाल. त्यामुळे बोअरच्या पाण्याला लोखंडाचा वास आणि घागरीला तांबूस थर, हे जुनेच आहे. पाण्यावर तेलकट तवंग दिसू लागला तेव्हा मात्र कोणीतरी डिझेल सांडले असावे, या संशयावरून गावात वाद झाला. एका निवृत्त शिक्षकांनी तो काडीने हलवून दाखवला. तेलाचा तवंग काडी फिरवली की पुन्हा एकत्र येतो. आमचा तवंग खपल्यांसारखा तुटून वेगळा राहिला. तो लोहजीवाणूंचा होता आणि कुजकट वासही त्यांच्याच बुळबुळीत थराचा होता. आता पाणी टाकीत उंचावरून, भोके पाडलेल्या ताटल्यांमधून पाडतो. हवा लागल्याने लोह गाळ होऊन बसते, ते खालच्या वाळूत अडते. वाळू वरचेवर धुवावी लागते, नाहीतर वास परत येतो.

निपाणी

उन्हाळ्यात जवाहर तलावातील पाणी खाली गेले की पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. पाणी उकळल्यास तो काही वेळ अधिकच जाणवतो. तलावातील नील-हरित शेवाळ जिऑस्मिन नावाचे द्रव्य सोडते आणि माणसाच्या नाकाला ते लिटरमागे सुमारे १० नॅनोग्रॅम एवढ्या सूक्ष्म प्रमाणातही कळते. या वासाने स्वतःहून अपाय होत नाही. पण शेवाळ फार झालेले असेल, तर तेवढ्यावर निर्धास्त राहू नये. आम्हाला कोळशाच्या गाळणीने गुण आला. मात्र तिची कांडी वेळेवर बदलली नाही, तर तिच्यातच जीवाणू वाढतात.

गच्चीवरील टाकीविषयी, चिक्कोडीहून

फिकट रंगाच्या, झाकण तुटलेल्या टाकीत ऊन जाऊन शेवाळ धरले होते. टाकी घासून धुतली, घट्ट झाकण बसवले, वास गेला.

कृष्णाकाठ, रायबाग तालुका

२०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात आमच्या विहिरीत नदीचे पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर विहिरीचा वास सहन होत नव्हता. आधी संपूर्ण उपसा केला, गाळ काढला, काठ धुतले आणि मगच ब्लीचिंग पावडर वापरली. प्रमाण असे : विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजावी, व्यास गुणिले व्यास गुणिले खोली, त्याला ०.७८५ ने गुणले की घनमीटर मिळतात, आणि एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. नेहमीच्या निर्जंतुकीकरणाला १,००० लिटरमागे सुमारे २.५ ग्रॅम चांगली पावडर लागते. पुराच्या पाण्याला ती अधिक लागते, म्हणून आम्ही आरोग्य खात्याच्या कर्मचाऱ्यांकडून मात्रा ठरवून घेतली. पावडर सरळ विहिरीत टाकू नये. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने पाण्याखाली सोडावी आणि हलवावी. किमान एक तास पाणी काढू नये. पावडरीचा डबा उघडा राहिला, तर तिची ताकद जाते.

त्यानंतर पाण्याला ब्लीचिंगचा वास येऊ लागला आणि घरातील वडीलधाऱ्यांनी ते पाणी पिण्यास नकार दिला. आईने त्यावर उपाय काढला : रात्री रुंद तोंडाच्या पातेल्यात पाणी काढून त्यावर स्वच्छ फडके बांधून ठेवायचे. सकाळपर्यंत वास बराच उडून जातो. असे पाणी त्याच दिवशी संपवावे, कारण वासाबरोबर क्लोरीनचे संरक्षणही गेलेले असते.