चेक्सचे थर सरकतात, कटिंग मशीन घ्यावं का?

सुईदोरा_सोलापूर
घराच्या मागच्या शेडमध्ये शाळेच्या गणवेशांचं छोटं काम सुरू केलंय. कटिंग मीच करते, बारा इंची कात्रीने. प्लेन कापडाला अडचण नाही. चेक्सच्या शर्टाचं मात्र वरच्या थराचं पान (म्हणजे शर्टाचा कापलेला भाग) बरोबर, खालच्या थरांची पाव-अर्धा इंच इकडेतिकडे. बटणपट्टीवर चौकडी जुळत नाही. एका वेळी दहा-बारा थर घालते. सरळ पात्याचं मशीन घेतलं तर त्रास जाईल का?

भिवंडीकर
डोळे झाकून घ्या. आठ इंची पातं पुरे. कात्रीवर धंदा होत नाही आता.

कटिंगमास्तर
ताई, मशीन घ्या, पण पँटच्या प्लेन कापडासाठी. चेक्स अंथरतानाच सरकले असतील तर मशीन तोच घोळ पन्नास थरांत करून देईल.

दहा-बारा थर कात्रीला झेपत नाहीत. आपल्या कात्रीची मूठ वर वळलेली का असते? खालचं पातं टेबलाला टेकून चालावं, कापड उचललं जाऊ नये म्हणून. थर जाड झाला की कात्री मिटताना कापड पुढे ढकलते. टेरीकॉटचे चार थर बास, चेक्सचे दोनच. आणि टोक पूर्ण मिटू देऊ नका, नाहीतर कडेला दाते पडतात.

आता अंथरणं. ताका उघडून रात्रभर सैल पडू द्या. ताणून अंथरलेलं कापड कापल्यावर आखडतं आणि खापर कात्रीवर फुटतं. पहिला थर सरळ लावा, दर चार-पाच चौकड्यांवर टाचणी उभी टोचा. दुसऱ्या थराची तीच रेघ त्याच टाचणीत आली पाहिजे. मोठ्या कारखान्यांत यासाठी टेबलातूनच सुया वर काढलेल्या असतात. खिसा आणि बटणपट्टी आधी ढोबळ कापा, मग पुढच्या पानावर ठेवून रेघ जुळवून नेमकी कापा. वेळखाऊ आहे, पण शाळेवाले पहिली नजर खिशावरच टाकतात.

कात्री मेरठची असो नाहीतर कुठलीही, कागदाला लावू नका. आमच्या घरी कोणी लावली की माझा दिवसभर अबोला असतो.

सुईदोरा_सोलापूर
मास्तर, दोन-दोन थरांनी ऑर्डर वेळेत कशी जायची? शिवाय माझं मार्किंग, म्हणजे कापडावरची आखणी, उलटसुलट असतं, एक पान सरळ तर एक उलटं, कापड वाचावं म्हणून.

कटिंगमास्तर
ते आधी तपासा. चेक्सचा तुकडा उलटा धरा. रंगांचा क्रम बदलला तर कापड एकतर्फी. मग सगळ्या पानांचं तोंड एकाच दिशेला, उलटसुलट चालणार नाही. वेळेचं म्हणाल तर मागची पानं आणि बाह्या चार थरांत कापा, पुढची पानं आणि खिसेच दोनात.

भिवंडीकर
मास्तरांचं पटलं. फक्त चेक्सला कापड जास्त जातं, ते दरात आधीच धरा ताई, नंतर कोणी देत नाही. आणि मशीन घेतलंत तर जाळीचा स्टीलचा हातमोजा त्याच दिवशी घ्या.