मदत हवी आहे : पिचर मुलाचं कोपर दुखतंय

नमस्कार मंडळी, आम्ही सांगलीचे, विश्रामबागेत राहतो. मुलगा 14 वर्षांचा, शाळेच्या बेसबॉल संघात पिचर (चेंडू टाकणारा). काल दप्तर डाव्या हातानं उचलताना दिसला, तेव्हा कळलं की उजवं कोपर आतल्या बाजूनं पंधरा दिवस दुखतंय. स्पर्धेसाठी रोज 80-90 चेंडू टाकत होता. अमेरिकेतल्या ‘पिच स्मार्ट’ या मुलांच्या पिचिंगसाठीच्या नियमांत या वयाला दिवसात 66 किंवा जास्त चेंडू टाकले की चार दिवस विश्रांती सांगितलीय. इथे विश्रांतीचा एकही दिवस नाही! टाकणं मी लगेच थांबवलंय.

व्हिडिओत दिसतं, दमला की कोपर खांद्याच्या खाली येतं. सगळा जोर हातावरच, कंबर-पाय नावालाच.

सांगली-मिरजेत खेळाडूंचे हात तपासणारे चांगले ऑर्थो किंवा फिजिओ कोण आहेत? आणि त्याच्या कोच सरांना हे न दुखावता कसं सांगू? पोराचा जीव आहे हो या खेळात.